लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

तर आपल्या ग्रुपवरच्या बायांनो, पहिले आत आला तो नातजावई, अन् त्याच्या मागं माझी नात सीमा. अकोल्याले नर्स आहे ती. मले इतका आनंद झाला का चहात दोनदा साखर टाकली. जावई बिचारा गुमान प्याला.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गुडघ्याच्या गोळ्या कालच संपल्या. मी डॉक्टरची चिठ्ठी जावयाले देली, "मेडशीच्या स्टँडवरच्या मेडिकलातून आणता का?"

चिठ्ठी पाहून सीमा हसली. फाटून राह्यली होती, म्हणून मी लॅमिनेशन करून घेतली ना! मेडिकलवाला तेच पाहून गोळ्या देते. डॉक्टरले विचारलं का तो मान वर न करता म्हणे, "चालू ठेवा."

मग चिठ्ठीवरची तारीख पाहून सीमाचं हसू गेलं. "आजी, ह्या पंधरा दिवसांच्या होत्या. दोन वर्षं काहून खाल्ल्या? गुडघा दुखते का अजून?"

"गुडघा कवाच बरा झाला व. पण गोळी चुकली का घाम येते, अंग मोडते."

"मग ते दुखणं गोळीचंच आहे. ह्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागते, तुले लागली."

सवय? मले? गल्लीतल्या पिणाऱ्यांवर मीच तर ओरडते!

एकदम सोडू नको म्हणे सीमा, मोठ्या डॉक्टरले विचारून हळूहळू कमी करू. जावयानं तोवरच्याच गोळ्या आणल्या. आज गोळीले उशीर झाला, म्हणून हे लिहिता लिहिता मी तीनदा उठली, बसवतच नाही.

तुमच्यातलं कोण अशा गोळ्या खाऊन राह्यलं? खरं सांगा, मी नावं नाही ठेवणार. मले मोठ्या डॉक्टरकडं न्याले दोघं बुधवारी येतो म्हणाले.