‘गॅस वाढव’ : वेळणेश्वरची एक फेरी

दुकान वाढवलं आणि निघाले. आमच्याकडे दुकान ‘बंद केलं’ म्हणत नाहीत. तसं म्हटलं की ते कायमचं बंद पडेल अशी भीती. म्हणून वाढवायचं. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. माझ्या घरी तर चूल आणि कंदीलही वाढवतात. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्यावर माझं चहापूड-साबणाचं दुकान आहे. फळ्या लावताना रोज तोंडात हाच शब्द. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यानेच घोटाळा केला.

गाडी दारात आली तेव्हा आळीतली सगळी माणसं बघायला जमली. माझ्या भाचीचा, सुमनचा नवरा वसंत कोल्हापुरात मोटारींच्या बॉड्या बांधतो. त्याने जुन्या मेटाडोरचं घर केलं होतं. आत पलंग, खिडक्यांना पडदे, भिंतीला कपाट आणि दोन तोंडांची गॅसची शेगडी. पलंगावर माझी थोरली बहीण, आक्का. सुमनची आई. अर्धांगाने तिचे पाय गेले होते. जीभ मात्र शाबूत होती.

“आत ये,” ती म्हणाली. “घर बघायला पैसे नाही पडत.”

आमचं माहेर वेळणेश्वरजवळचं. मरायच्या आत तिथला देव आणि समुद्र बघायचा, हे आक्काने धरून ठेवलं होतं. एस.टी.त आडवं पडून जाता येत नाही. म्हणून वसंतने ही गाडी केली. सासूसाठी एवढं करणारा जावई मी दुसरा पाहिलेला नाही.

गाडीच्या पाठीमागे बाहेरून उघडणारा कप्पा होता. त्यात सिलिंडर पट्ट्याने बांधून उभा केलेला. कप्प्याच्या तळाला भोक दिसलं.

“जावईबापू, फळी कमी पडली वाटतं?” मी विचारलं.

“नाही मावशी, मुद्दाम ठेवलंय. गॅस जड असतो, खाली बसतो. चुकून गळलाच तर गाडीत न शिरता रस्त्यावर जाऊ दे.”

डोकं चालवलेलं होतं.

हातखंब्याहून चिपळूण, तिथून गुहागर. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही असा फर्लांगही सापडत नाही. तांबडी माती खिडकीतून आत येऊन पडद्यांवर बसली. कपाटातल्या वाट्या सारख्या वाजत होत्या. सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) गवत वाळून पिवळं झालेलं. आक्का उशीवर उशी घेऊन बाहेर बघत होती आणि एकेका गावाचं नाव आमच्या आधी सांगत होती. एकही चुकली नाही.

वेळणेश्वरला पोचलो ते संध्याकाळी. किनाऱ्याला लागून सुरूची झाडं, त्यांच्या आडोशाला गाडी लावली. समुद्र होता तसाच आहे. मला वाटलं होतं तेवढा मोठा मात्र नव्हता. लहानपणी बघितलेलं सगळं मोठं वाटतं.

सकाळी वसंत देवळात गेला. आक्काला खुर्चीत बसवून आत नेता येईल का, ते विचारायला. सुमनने शेगडीवर चहा ठेवला. मी बाहेर वाळूत खवणी मांडून नारळ खवत होते. जरा पलीकडे गोविंदा नावाचा माडकरी (माडावर चढून नारळ उतरवणारा) दोर वळत बसला होता, तोंडात बिडी.

मला वास आला. सडक्या कोबीचा येतो तसा. वाऱ्याने जाळ विझला असणार. मी ओरडले, “सुमे, गॅस वाढव! गॅस वाढव आधी!”

सुमन कोल्हापुरात वाढलेली. तिने गॅस वाढवला. बटण होतं तेवढं फिरवलं. वास आणखी आला.

“अगं वाढव म्हणते ना!”

“वाढवलाय की मावशी! आता किती वाढवू?”

तेवढ्यात पलंगावरून आक्का गरजली, “बंद कर गं बये! ती बंद कर म्हणत्येय! कोकणी आहे ती!”

सुमनने बटण बंद केलं. पण वास जाईना. गाडीच्या हेलकाव्यांनी शेगडीजवळची रबरी नळी चिरली होती. गॅस आत येतच होता, आणि आत हलता न येणारी आक्का.

मी सुमनला नेहमी म्हणायचे, तुला साधा कांदासुद्धा धड चिरता येत नाही. त्या सकाळी ती पोर जी वागली, त्याला तोड नाही. धावली, पण धांदल केली नाही. पाठीमागच्या कप्प्याकडे जाऊन तिने सिलिंडरची चावी उजवीकडे फिरवून घट्ट बंद केली. मग गोविंदाला म्हणाली, “बिडी टाका. लांब जाऊन टाका आणि या.”

“काय झाला गो?”

“गॅस गळतोय. आईला उचलायचंय.”

त्याने पाण्याच्या कडेला जाऊन बिडी ओल्या वाळूत दाबली आणि पळत आला. आक्काखालची गोधडी आम्ही टोकांना धरली आणि तिला झोळीसारखी बाहेर काढली.

“हळू रे,” आक्का म्हणाली. “मला आत्ताच मसणात न्यायला निघालात असं वाटतंय.”

गोविंदा हसला. “एवढी बोलतेस, तुला कोण नेणार आये?”

दारं-खिडक्या उघडून आम्ही लांब बसलो. मला घाई झाली होती. आता तो सिलिंडर सोडव म्हटलं, तर सुमन म्हणाली, “वास जाऊ दे आधी. दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही.” वास पुरता गेला तेव्हाच ती उठली. चावी बंद आहे ना, पुन्हा बघितलं. मग पाना घेतला.

मी म्हटलं, “डावीकडे फिरव. सगळे नट डावीकडे सुटतात.”

“हा नाही सुटत. गॅसचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवला तर आणखी आवळतो.” तिने तो उजवीकडे, हिसका न देता, सावकाश सोडवला. सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवलं आणि गोविंदाच्या मदतीने तो सावलीत नेला. आडवा नाही, उभाच ठेवला.

“कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“यांनी. दहादा करून घेतलं माझ्याकडून. तेव्हा मी चिडायचे.”

वसंत परत आला तर सासू वाळूत आणि चहा नाही. त्याला सगळं सांगितलं. तो नळी हातात घेऊन चीर बघत राहिला, मग सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. खुर्ची आत नेता येणार होती, पण आक्का म्हणाली, “उचललंच आहे तर गोधडीतूनच न्या. खुर्चीत घसरायला होतं.” तशीच नेली. गाभाऱ्यासमोर पडून तिने पोटभर दर्शन घेतलं. मग समुद्राकडे तोंड करून ठेवली, तर उठायला तयार नाही. अर्थात उठणार कशी म्हणा.

जेवण गोविंदाच्या घरी झालं. भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड. त्याची बायको वाढताना म्हणाली, “आये, भात वाढू?” आक्का म्हणाली, “वाढ. पण आधी सांग, कुठल्या अर्थानं.” सगळे खो खो हसले. मीही.

परतीच्या वाटेवर चिपळूणला नवी नळी घेतली. ती जोडल्यावर सुमनने माझ्या दुकानातल्या साबणाचा फेस सांध्यांवर लावला. बुडबुडा आला नाही, तेव्हाच चहा झाला.

मला दारात सोडलं. मी फळ्या उघडल्या. शब्द गोड केला की बोलणाऱ्याला बरं वाटतं, एवढंच. घरात माणूस पडलेलं असेल तर सरळ बोलावं, हे मी या वयात शिकले.

निघताना आमच्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. आक्काने खिडकीचा पडदा बाजूला केला. माझ्याकडे बघून म्हणाली, “जाते गं.”

तिला सुधारावं असं मला वाटलं नाही.

“जा,” मी म्हटलं. “नीट जा.”