भट्टीवरचा डबा

फोन आला तेव्हा मी धायरीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाल्याबरोबर कोथिंबिरीवरून वाद घालत होते. यूनुसभाईंचा नंबर दिसला, म्हणजे बोलणार त्यांची बायको, माझी मैत्रीण रशीदाच. तिचा स्वतःचा फोन कायम पर्सच्या तळाशी बंद पडलेला असायचा. म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, "काय बाईसाहेब, उठले का तुमचे जंतू?" पण पलीकडून आवाज आला तो यूनुसभाईंचाच. ते म्हणाले, "सुमनताई, रशीदा गेली हो... पहाटे, झोपेतच." कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. त्यानंतरचे काही दिवस रडण्यात गेले. पण आता तिची आठवण आली की आधी हसूच येतं, आणि तिच्या बाबतीत तेच रीतीला धरून आहे.

रशीदा आमच्या संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती आणि मी शेजारच्या प्रयोगशाळेतली रसायनवाली. तिचे जंतू जे काही बनवत त्यात अल्कोहोल किती आणि नुसतं आंबट पाणी किती, हे मोजून सांगणं माझं काम. लोक कोकणातून काजू आणतात. हिनं तरुणपणी तिथल्या एका गरम पाण्याच्या कुंडाकाठचा चिखल बाटलीत भरून आणला. त्यातल्या जंतूंना आपला हात पोळेल इतक्या उष्णतेतच बरं वाटतं आणि हवेचं मात्र वावडं. उसाचं पाचट, मक्याची ताटं, जे समोर टाकलं तर गुरंही नाक मुरडतील ते शिजवून दिलं की हे आवडीनं खातात, आणि त्यातून गाडीच्या टाकीत घालण्याजोगं अल्कोहोल तयार करतात. एवढ्या उकाड्यात दुसरे आगंतुक जंतू फिरकत नाहीत, हा वर फायदा. खोड एकच... अल्कोहोल जरा साठलं की ही मंडळी स्वतःच त्यात झिंगून गप्प पडत. त्यांना ते जास्त पचवायला शिकवणं हा रशीदाचा आयुष्यभराचा उद्योग होता. दर आठवड्याला अल्कोहोल किंचित वाढवायचं, तरतील त्यांना पुढं न्यायचं, बाकीच्यांना निरोप द्यायचा. तिचे सासरे, अब्बा, पाहुण्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगत, "आमची सून सरकारी नोकरीत आहे. जंतूंना दारू प्यायला शिकवते." जन्मात थेंबाला न शिवलेली रशीदा शेजारी बसून मान डोलवायची.

एकदा ऐन मे महिन्यात संस्थेची वीज गेली ती गेलीच, आणि जनरेटरनंही मान टाकली. जो तो बर्फ घेऊन आपापल्या नळ्या-बाटल्या वाचवायला धावला. आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात संकटात आपोआप बर्फाकडेच जातो. आमचे सहकारी देवधर स्वभावानं परोपकारी. रशीदा जागेवर नाही हे पाहून त्यांनी तिच्याही बाटल्या बर्फाच्या खोक्यात मायेनं रचल्या आणि वरून ओला टॉवेल पांघरला. रशीदा आली, टॉवेल उचलला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो देवधर, माझ्या लेकरांना न्यूमोनिया व्हायचा!" देवधर आजतागायत तो टॉवेल विसरलेले नाहीत, आम्ही विसरू दिला नाही. तिनं बाटल्या पुसल्या, गळ्यातल्या ओढणीत गुंडाळल्या, मला रिक्षात कोंबलं आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तो बिबवेवाडीतल्या तिच्या सासरच्या बेकरीचा.

बेकरीची भट्टी लाकडांवर चालणारी, दिवसरात्र तापलेली. रशीदा थर्मामीटर घेऊन भट्टीच्या चारी बाजूंनी फिरली आणि शेवटी वरच्या कडेला तिला हवी तेवढी ऊब सापडली. नानकटाईचा पत्र्याचा डबा वाळूनं भरला, त्यात बाटल्या गळ्यापर्यंत रोवल्या. अब्बा गल्ल्यावरून उठून आले. "हे तेच ना, दारूवाले? माझ्या भट्टीवर? आणि पावात उतरले तर?" रशीदा म्हणाली, "अब्बा, ते या बाटलीबाहेर जगत नाहीत, हवा लागली की संपले. आणि आपल्या अंगात तर त्यांना थंडी वाजते." अब्बांना ते पटेना. मग ती हळूच म्हणाली, "शिवाय तुमच्या पावाचं पीठ फुगतं तेव्हा त्यातही थोडं अल्कोहोल होतंच की. भाजताना उडून जातं." अब्बा बराच वेळ पिठाच्या परातीकडे बघत राहिले. "हे बाहेर कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाले आणि डबा स्वतः हातानं भिंतीकडे सरकवून ठेवला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

वीज आली, बाटल्या संस्थेत परतल्या, पण एक बाटली डब्यात राहिली ती कायमची. संस्थेच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण पोरगं एक तरी आपल्या नजरेसमोर असावं, असं तिचं म्हणणं. दर शुक्रवारी ती जुन्या बाटलीतलं थोडं पाणी सुईनं उचलून ताज्या खाऊच्या बाटलीत सोडायची. खाऊत एक रंग असतो. बाटलीत हवा शिरली की तो गुलाबी होतो. "गुलाबी दिसलं की समजायचं, खेळ आटोपला," ती मला सांगायची. अब्बा गेले, ती निवृत्त झाली, डबा जागेवरच, आणि जंतूंची शिकवणीही चालूच. आमची शेवटची भेट तिथंच झाली. मला गरम खारी देत ती म्हणाली, "अगं, आता इतकं अल्कोहोल पचवतात की तुझं यंत्र खोटं बोलतंय असं वाटेल." मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही, तू बोलतेस." खारीचे तुकडे सांडेपर्यंत हसली.

ती गेल्यावर तिचं काम पुढं नेणाऱ्या प्राजक्तानं संस्थेच्या फ्रीझरमधल्या कुप्या उघडल्या. अगदी जुने जंतू जागे झाले, पण रशीदानं शिकवून तयार केलेले, शेवटच्या वर्षांतले, एकही उठले नाहीत. कुप्यांत कधीतरी हवा शिरली असावी, बाटलीमागून बाटली गुलाबी. प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मला दुसऱ्यांदा रशीदा गेल्यासारखं वाटलं. मग डबा आठवला. पण दुःखातल्या घरी जाऊन कोणत्या तोंडानं डबा मागायचा? आणि इतक्या आठवड्यांत त्याच्याकडे बघणार कोण? दोन दिवस मी नुसती घरात येरझारा घातल्या, आणि मग गेले.

यूनुसभाई गल्ल्यावर होते, अब्बांच्याच खुर्चीत. मी चाचरत विषय काढला. ते आत गेले आणि फडक्यात धरून डबा घेऊन आले. वाळूत बाटली उभी होती, आतलं पाणी गढूळ, पण गुलाबी छटा औषधालाही नाही. "दर शुक्रवारी नमाजहून आलो की खाणं घालतो," ते म्हणाले. "तिनं हात धरून शिकवलं होतं. काय कामाचे आहेत मला ठाऊक नाही, ताई. तिचे आहेत, म्हणून घालतो." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा जरा जवळ ओढला. "म्हणजे... नेणार?"

मला रडू फुटलं. "नाही हो यूनुसभाई, सुईभर नेते फक्त. उद्यापर्यंत तिथंही बाटलीभर होतील आणि इथलेही कमी व्हायचे नाहीत." त्यांचा चेहरा उजळला. मग संकोचानं म्हणाले, "तिनं करून ठेवलेला खाऊ संपत आलाय. पुढच्या वेळी काय घालायचं, याच काळजीत होतो."

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं संस्थेतल्या नव्या बाटलीत रिकामी सिरिंज टोचली आणि जंतूंनी आत सोडलेल्या वायूनं तिचा दट्ट्या आपोआप वर सरकला. मोजायला तिनं मलाच बसवलं. रशीदा म्हणाली होती तेवढं अल्कोहोल आत खरोखरच होतं. यंत्र पुन्हा तपासून पाहिलं, तेही खरं बोलत होतं. मी यूनुसभाईंना फोन लावला. मी काही सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "उठले का?"

"उठले."

आता शुक्रवारी खाऊच्या बाटल्या घेऊन मीच बेकरीत जाते. यूनुसभाई डबा उतरवतात, मी सुई धरते, ते बाटली धरतात. डबा पोळतो, म्हणून ते फडक्यात धरतात. ते फडकं म्हणजे ती रिक्षातली ओढणी आहे, हे मला मागच्या शुक्रवारी ओळखू आलं.