सलामीचं मत

घरात ज्या माणसाला भाजी कोणती आणायची हेसुद्धा कुणी विचारत नाही, त्याची जग कसं चालवावं याबद्दलची मतं फार ठाम असतात. कवळीवाला त्यातलाच. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवायचे. हा आपल्या तळघरातल्या खोलीत त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, तयार कवळी घासूनपुसून चकचकीत करायचा आणि डबीत घालून परत धाडायचा. ज्या तोंडात ते दात जायचे, ते तोंड त्याने कधी पाहिलेलं नसे. त्यावाचून त्याचं काही अडतही नसे.

मोबाइलवरही त्याचं असंच चालायचं. 'कट्टा' नावाचा एक ऑनलाइन समूह होता, हजारो सभासदांचा. युद्ध पेटो, नवा फोन येवो, सरकार पडो की कुणा नटाचा घटस्फोट होवो, बातमी पडली रे पडली की सगळे तुटून पडत. कवळीवाला तिथे 'परखड' या नावाने लिहायचा. बातमीवर सगळ्यांत आधी आलेलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलेलं मत कट्ट्याचे चालक सगळ्यांच्या वर टाचून ठेवत. त्याला म्हणत सलामी. एकदा सलामी टाचली की खालचे शेकडो शहाणे तिचीच री ओढत. परखडच्या सलाम्या सगळ्यांत जास्त, कारण त्याने एक साधी युक्ती काढली होती. तो बातमी वाचायचाच नाही. मथळा बघायचा, चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं. वाचत बसलं की दुसरा कुणी बाजी मारतो.

"त्या लोकांना तुमचं नाव तरी ठाऊक आहे का?" बायको विचारायची.

"नाव नसेल, वजन ठाऊक आहे," तो म्हणायचा. यावर ती आपल्या कामाला लागायची. शब्द वाया घालवणाऱ्यांतली ती नव्हती.

एका दुपारी कट्ट्यावर एक चित्रफीत आली. शहर बससेवेची एक बस वळणावर न वळता सरळ फुटपाथवर चढली होती. एक वृद्ध गृहस्थ जागच्या जागी गेले. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काचेमागचा ड्रायव्हर पुसट दिसत होता. चेहरा नाहीच, फक्त टोपी आणि खाली गेलेली मान. कवळीवाल्याच्या एका हातात मेण कापायची सुरी होती. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने लिहिलं, "मान बघा. मोबाइलमध्ये डोकं, दुसरं काय असणार? निलंबनाची नाटकं पुरे. खुनाचा गुन्हा लावा."

सलामी टाचली गेली. हजारोंनी अंगठे दिले. दोन वर्तमानपत्रांनी ते वाक्य 'जनतेचा संताप' म्हणून छापायला घेतलं. त्या दुपारी त्याने दाढा फार सुंदर बसवल्या.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, ती बस यांची होती."

मेहुणे कित्येक वर्षं बस चालवत होते. अबोल माणूस. जेवताना मीठ कमी असलं तरी मागून घेणार नाहीत. कवळीवाला इस्पितळात पोचला तेव्हा ते कपाळाला पट्टी बांधून छताकडे बघत पडले होते. सिग्नल हिरवा झाला इथवर त्यांना आठवत होतं. त्यानंतरचं थेट लोक काचेवर हात आपटत होते तिथपासूनचं. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर एकदम उतरलेली आहे, भोवळ आली असण्याची शक्यता दाट आहे. मोबाइल शर्टाच्या खिशातच सापडला होता. पण बस कार्यालयाने त्यांना कामावरून बाजूला केलं आणि आठवड्याने चौकशी ठेवली. नोकरी राहते की जाते ते त्या चौकशीत ठरणार होतं, आणि तिचे कागद पोलिसांकडेही जाणार होते.

बहिणीने त्याला जिन्यात गाठलं. "दादा, तू सारखा त्या मोबाइलवर असतोस ना? कुणी मेला परखड म्हणून आहे. त्याने हे सगळं पेटवलंय. शेजारपाजारचेही आता तेच बोलायला लागलेत. त्याला कुणीतरी खरं सांगा रे. तू लिही ना."

"लिहितो," तो म्हणाला.

परखडने एक ओळ लिहिली असती, माझं चुकलं, तर सलामी खाली आली असती. हे त्याला पक्कं माहीत होतं. पण कट्ट्यावर असं कुणी लिहीत नसे. मागे एकाने लिहिलं, तर त्याचं नाव 'माफीवाला' पडलं आणि बिचारा तोंड काळं करून निघून गेला. तेव्हा आमच्या या शूराने पळवाट काढली. 'एक प्रवासी' नावाने नवं खातं उघडून त्याने लिहिलं की ड्रायव्हरला भोवळ आली होती, डॉक्टरांचं तसं म्हणणं आहे.

"नातेवाईक दिसतोय," एक म्हणाला. "डॉक्टर ओळखीचा असेल," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने लिहिलं, "परखड यांनी मान दाखवली आहे, डोळे उघडून बघ." प्रवाशाने दाताच्या कण्या केल्या, पण त्या नवख्याला कोण भीक घालतो? उलट मंडळी परखडलाच हाका मारू लागली, साहेब, या प्रवाशाला जरा पाणी पाजा. परखड गप्प राहिला तर संशय येईल, असं त्याला वाटलं. मग त्याने पहिल्या खात्यावर जाऊन लिहिलं, "प्रवासी महाशय, पुरावा द्या, मग बोला."

त्यालाही अंगठे मिळाले. आणि लाज वाटते सांगायला, त्याने ते मोजले. अशा वेळी कानाखाली एक द्यायला माणूस शेजारी असावा लागतो. तळघरात कुणी नव्हतं.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. मेहुणे खाटेच्या कडेला बसून मोबाइलवर तीच चित्रफीत बघत होते. संपली की पुन्हा लावत होते.

"या दादा," ते म्हणाले. "ही मान बघा. खालीच आहे ना?"

"अहो, भोवळ आल्यावर मान खालीच जाणार."

"डॉक्टर नुसतं शक्यता म्हणतात. हा परखड ठाम सांगतो. त्याच्याखाली एवढी माणसं सांगतात. मला काहीच आठवत नाही, दादा. मोबाइल खिशात होताच. बघितला असेल मी." त्यांनी फोन गादीवर पालथा ठेवला. "आज तसं लिहून दिलं मी चौकशीत."

स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती. "मला एका शब्दाने विचारलं नाही यांनी," ती म्हणाली.

आता गप्प बसणं कवळीवाल्यालाही जमलं नाही. "तो परखड मीच आहे," तो म्हणाला. "मला काही माहीत नव्हतं. मी बातमीसुद्धा वाचली नव्हती. उगाच लिहिलं."

मेहुण्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ते चिडतील, अंगावर येतील म्हणून त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. कित्येक दिवसांची तगमग एकदाची मिटावी तसा.

"म्हणजे मी आहे हे माहीत नसताना लिहिलंत तुम्ही," ते म्हणाले. "मग तर ते खरंच असणार."

"नाही हो, मला काही दिसलं नव्हतं."

"वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी उलट त्याच्याच गुडघ्यावर हात ठेवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, दादांनाही तसंच दिसलं होतं."

बहीण पुढे आली. तिने नवऱ्याचा हात भावाच्या गुडघ्यावरून उचलून घेतला.

"तू जा आता," ती म्हणाली.