पहाऱ्याचा अर्थ

माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगतो. पण चहा संपेपर्यंत कोणी माझ्या एम.ए.चा उल्लेख करायचा नाही.

त्या काळी मी ‘पहारा’ या शब्दावर प्रबंध लिहीत होतो. अखंड नामसप्ताहात गावकरी आळीपाळीने गळ्यात वीणा घालून तीन-तीन तास नाम घेतात, त्या पाळीला पहारा म्हणतात. माझे मत असे, की हा शब्द ‘प्रहर’पासून आला असावा. ‘असावा’ म्हणतो आहे, नीट ऐका. परंतु गुरुजींनी बजावले होते, की नाम घेणाऱ्यांना प्रत्यक्ष विचारल्याखेरीज प्रबंध स्वीकारणार नाही.

म्हणून नंदुरबारला आगगाडीतून उतरलो आणि सप्ताह चालू असलेले कोरीट गाव बैलगाडीने गाठले. भर दुपार. मारुतीच्या देवळात दगा आबा नावाचे वृद्ध गृहस्थ वीणा घेऊन उभे, सोबत दोन पेंगणारे टाळकरी. पुढच्या पाळीचा माणूस कपाशीत अडकला होता आणि आबा सकाळपासून उपाशी होते, हे मला कसे ठाऊक असणार?

विचारण्यापूर्वी नमस्कार करावा, हा शिष्टाचार. मी वाकून आबांच्या पायांना आणि वीणेला हात लावला. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी मला मिठी मारली, आणि मिठी सुटली तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती.

अहो, पहारा असाच घेतात! माझ्या एकाही संदर्भग्रंथात हे नव्हते.

“पण आबा, मी केवळ विचारायला...”

“बोलू नको, भाऊ, नाव ले,” आबा कुजबुजले. “चार दिनपाईन चालू शे, खंडू देऊ नको. मी जेवीसन येस.”

साऱ्या गावाचे चार दिवसांचे पुण्य आता माझ्या गळ्यावर! वीणा खाली ठेवता येत नाही, बसता येत नाही, थांबता तर येतच नाही. मी नाम सुरू केले. माझा पहिलाच सूर ऐकून दोन्ही टाळकरी खडबडून जागे झाले. विहिरीवरच्या बायका घागरी घेऊन दारात आल्या. कोणाचे वासरू चुकले आहे का, अशी त्यांनी चौकशी केल्याचे मला नंतर कळले. आबा जेवले, आणि जेवल्यावर माणूस घटकाभर लवंडतोच.

तीन तासांनी कपाशीतला माणूस आला, वाकला, मी सुटलो. आबा तृप्त मुद्रेने माझ्याशेजारी टेकले.

“आते इचार. काय इचारानं व्हतं?”

मी तोंड उघडले. नुसती हवा आली. पुन्हा उघडले; पुन्हा हवाच.

आबांनी मंडळींकडे पाहून मान डोलावली. “देखा, भाऊले समजी गयं. आते काही इचारत नही.”

गुरुजींना मी प्रबंधासोबत प्रामाणिकपणे लिहिले, की अर्थ मिळाला आहे, विचारायचे मात्र राहून गेले. प्रबंध उलट टपाली परत आला.