बोटीवरच्या चादरी कोण बदलतं?

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत होते, तर आमच्या नाहूरच्या सोसायटीतल्या एकीला असा ठसका लागला की तिचा नवाकोरा ड्रेस गेला. झालेला प्रकार इतका वेडगळ आहे की आमच्या ह्यांनी मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. म्हणून तर सांगतेय.

लग्नाच्या वाढदिवसाला लेकीनं आम्हाला क्रूझची तिकिटं दिली. एक नाही, लागोपाठ दोन. आधी मुंबईहून गोवा आणि परत. मग त्याच बोटीनं मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. मधल्या दिवशी बोट सकाळी मुंबईच्या धक्क्याला लागणार, गोव्याची माणसं उतरणार, दुपारी लक्षद्वीपची चढणार आणि संध्याकाळी बोट सुटणार. आमच्यासारखे दोन्ही ट्रिपवाले अगदी मोजके. आम्हाला फक्त खोली बदलायची होती.

आता लोक क्रूझवर जाऊन काय बघतात? समुद्र बघतात, सूर्यास्त बघतात, पोहण्याच्या तलावाशी फोटो काढतात. मीही सगळं केलं. पण पहिल्याच दुपारी त्या पांढऱ्याशुभ्र, ढोलासारख्या ताणलेल्या चादरीवर जरा पाठ टेकली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढी बोट, एवढ्या खोल्या. सकाळी एक गाव उतरणार आणि दुपारी दुसरं गाव चढणार. मग मधल्या वेळात या सगळ्या चादरी बदलतं कोण? आणि मळक्या चादरी जातात कुठे? माझ्या घरी दोन पलंगांच्या चादरी बदलायच्या तर अख्खा रविवार जातो हो.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुला काय करायचंय?"

आमच्या घरात या वाक्यावर बाकीच्यांची बोलणी संपतात. माझी नाही संपत. गोवा बघून बोट परत निघाली आणि मी थेट रिसेप्शनला गेले. तिथे एक गोड मुलगी होती, मराठी बोलणारी. तिला म्हटलं, मला उद्या बोट रिकामी होताना बघायचीय, खोल्या कशा लावतात ते बघायचंय. ती हसली. तिला वाटलं असेल, काकू गंमत करतायत. म्हणाली, "बघू हं मॅडम, सांगते कोणाला तरी."

तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते जरा जास्तच लक्षात ठेवलं आणि तिथेच सगळी वाट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट मुंबईला लागली. ह्यांचं सुरू झालं, घर जवळच आहे तर जाऊन येऊ, गॅस बंद केलाय का बघू, घरचा वरणभात खाऊ आणि संध्याकाळी परत येऊ. मी म्हटलं, अहो, लेकीनं दिलेलं लक्षद्वीप सोडून तुम्ही कांजूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसणार आहात का? तेव्हा कुठे गप्प झाले.

डेकवरून खाली बघितलं आणि मी वेडीच झाले. एका बाजूनं माणसं बॅगा ओढत उतरतायत, दुसऱ्या बाजूनं बोटीच्या पोटात सामान चाललंय. कांद्याबटाट्याची पोती, अंड्यांचे ट्रे, कलिंगडं, फुलांचे गुच्छ. आमच्या मुलुंडच्या मंडईत गणपतीच्या आदल्या दिवशी असतो, तसला गलका. आणि आत बघावं तर चिडीचूप. रात्रंदिवस गाणी वाजायची तिथे कोणी नाही. तलावातलं पाणी काढून टाकलेलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या. लग्न लागून वऱ्हाड निघून गेलं की हॉल कसा दिसतो, अगदी तसं.

आम्हा दोन्ही ट्रिपवाल्यांना एका हॉलमध्ये बसवलं आणि गळ्यात पिवळ्या फितीचं कार्ड घातलं. जरा वेळानं आम्हाला टर्मिनलमध्ये नेणार, तपासणी करून परत आणणार, तोवर इथेच थांबा, एकटं कुठे फिरू नका, असं बजावलं. हे पेपर उघडून बसले. मी बाथरूमला म्हणून उठले.

बाथरूमशेजारी एक स्टीलचा दरवाजा होता. आदल्या दिवसापर्यंत तो बंद असायचा. आज सताड उघडा. आतून चाकं लावलेल्या मोठमोठ्या जाळीच्या गाड्या बाहेर येत होत्या आणि त्यांच्यात, काय सांगू, चादरी. चादरींचे डोंगर. मी तिथेच उभी राहिले.

एवढ्यात एक बाई आली. उंच, केस घट्ट बांधलेले, कमरेला वॉकीटॉकी. माझ्या कुर्त्याकडे बघितलं, गळ्यातल्या पिवळ्या फितीकडे बघितलं आणि म्हणाली, "उभ्या काय राहिलात मावशी? तुमचीच वाट बघतेय कधीची. नवीन ना?"

मला केवढं भरून आलं. त्या पोरीनं खरंच सांगितलं की कोणाला तरी.

"हो, पहिल्यांदाच," मी म्हटलं.

"सुनीता ना?"

"सुनंदा."

"तेच ते. चला."

आता हे मला नंतर कळलं ते तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. अशा दिवशी बोटीवरची माणसं कमी पडतात, म्हणून बाहेरच्या एका कंत्राटदाराच्या बायका एका दिवसापुरत्या बोलावतात. ही बाई त्यांची मुकादम, ज्योती, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. त्या बायकांचा ड्रेस काय, तर मरून कुर्ता आणि काळी पँट. गळ्यात पिवळी फीत. आणि मी मालाडच्या मार्केटमधून खास क्रूझसाठी घेतलेला कुर्ता कोणत्या रंगाचा असणार, सांगा.

ज्योतीनं मला एका लांबलचक पॅसेजमध्ये नेलं. सगळ्या खोल्यांची दारं उघडी. एका खोलीत नेऊन तिनं चादर कशी टाकायची, कोपरा कसा दुमडायचा, पांघरूण कुठवर ओढायचं, बाथरूममध्ये टॉवेल कुठे ठेवायचे, ते भराभर दाखवलं. मी मन लावून बघत होते. मग म्हणाली, "आता तुम्ही करा."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. नाही आली. हल्ली लोक कृषी पर्यटन म्हणून गावी जातात आणि चिखलात उतरून भात लावतात की नाही? मला वाटलं, हे तसंच. नुसतं दाखवत नाहीत, करूनही बघू देतात. लेकीनं भारीतलं पॅकेज घेतलेलं दिसतंय, असंसुद्धा मनात आलं.

मी चादर टाकली. ज्योतीनं एका बोटानं कोपरा ओढला, तो निघाला. परत टाकली, परत निघाला. "घरी असंच करता का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, घरी कोण ओढून बघतंय? ती हसली आणि मला पुढच्या खोलीत ढकललं.

हळूहळू हात बसला. मी खोल्यांमागून खोल्या लावत सुटले आणि तोंड तर काय, सुरूच. मळक्या चादरी जातात कुठे? तर खाली, बोटीच्या पोटात, तिथे अख्खी लॉन्ड्री आहे. साबण कुठला? इस्त्री कशी करतात? तर एका बाजूनं चादर घातली की दुसऱ्या बाजूनं घडी होऊनच बाहेर येते, असं यंत्र आहे म्हणे. लोक मागे काय काय विसरून जातात? तर चार्जर, चष्मे आणि एकदा एका आजोबांची कवळी. ज्योती आधी उत्तरं देत होती. मग म्हणाली, "मावशी, तुमचं तोंड चालतं त्याच्या निम्मे जरी हात चालले ना, तर जेवायला वेळेत जाऊ."

जेवणही आहे म्हटल्यावर मी आणखी खूश.

मधे मधे स्पीकरवर काहीतरी सांगत होते. शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर चालू, त्यात बोलणाऱ्याचं इंग्रजी अगदी साहेबी. मला ऐकू आलं ते 'गोवाज पॅसेंजर, प्लीज कम टु रिसेप्शन'. मी ज्योतीला म्हटलं, गोव्याचे पॅसेंजर तर सकाळीच उतरले ना, आता कोण राहिलंय?

तिनं वॉकीटॉकी कानाला लावला. म्हणाली, कुणीतरी एक बाई हरवलीय. तिच्यामुळे मोजणी जुळत नाहीये. मोजणी जुळल्याशिवाय नव्या लोकांना चढू देत नाहीत आणि ते सगळे तिकडे टर्मिनलमध्ये पोराबाळांसकट ताटकळत उभे आहेत.

"काय एकेक लोक असतात," मी म्हटलं. "एका जागी बसवत नाही यांना." आणि कोपरा खोचला. या वेळी तो निघाला नाही.

आता तिकडे काय चाललं होतं ते ऐका. आम्ही गवस. त्या साहेबानं 'मिसेस गवस'चं 'मिसेस गोवास' केलं होतं आणि गळा फोडून तो मलाच बोलावत होता. हॉलमध्ये सिक्युरिटीवाल्यांनी ह्यांना विचारलं, तुमच्या मिसेसनी काय घातलंय? झाली की नाही पंचाईत. इतकी वर्षं संसार केला, पण समोरची बायको काय नेसून उभी आहे हे या माणसानं कधी बघितलेलं नाही. विचार करून म्हणाले, "साडी. हिरवी असावी."

मग काय, बोटभर हिरव्या साडीचा शोध. शेवटी घाटकोपरच्या एक गुजराती आजी सापडल्या. त्या बिचाऱ्या आमच्याच हॉलमध्ये कोपऱ्यात डुलक्या काढत होत्या. त्यांना उठवून ह्यांच्यापुढे उभं केलं आणि विचारलं, याच का? आजी भडकल्या. हे म्हणतात, मीही घाबरलो, क्षणभर हो म्हणून टाकणार होतो. का घाबरलात, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, बाई कंटाळून नव्या खोलीत तर जाऊन बसल्या नसतील? झालं. एक ऑफिसर, दोन सिक्युरिटीवाले आणि मधे आमचे हे, अशी वरात नव्या खोलीकडे निघाली.

त्या खोलीत मी पलंगाशी गुडघ्यावर बसले होते. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडात उशीच्या अभ्र्याचं टोक. ज्योती दारात उभी राहून माझा कोपरा तपासत होती. ह्यांनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. हे एरवी शुद्ध बोलतात. पण धक्का बसला की थेट मालवण बाहेर येतं.

"अगो, तू हंय काय करतंस?"

तोंडातला अभ्रा पडला. "बघतेय," मी म्हटलं.

ऑफिसरनं विचारलं, याच का तुमच्या मिसेस? हे काही बोलायच्या आत ज्योती मधे पडली. "यांच्या कुठल्या? ही माझी बाई आहे." मग तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड पहिल्यांदा नीट उलटून वाचलं आणि मटकन त्याच पलंगावर बसली. तिथूनच तिनं विचारलं, "मग सुनीता कुठंय?"

खरी सुनीता धक्क्याच्या गेटवर उभी होती. उशीर झाला म्हणून गयावया करत होती आणि आतून निरोप जात होता की सुनीता केव्हाच आलीय, कामाला लागलीय. तिला आत घेतलं की नाही ते मी आधी विचारून घेतलं. घेतलं म्हणाले, तेव्हा जिवात जीव आला.

मला वाटलं होतं, ऑफिसर ओरडणार. तो काही ओरडला नाही. त्यानं अदबीनं विचारलं, मॅडम, आपल्याला कोणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, छे, मला वाटलं दाखवतायत. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. हसू दाबत होता की नशिबाला बोल लावत होता, कळलं नाही. मला हॉलमध्ये नेऊन मोजलं, मोजणी जुळली आणि लगेच नव्या लोकांना सोडायला सुरुवात झाली. टर्मिनलमधून दमलेले, घामेजलेले लोक वर येत होते आणि उशीर कुणामुळे झाला, यावर कुरकुरत होते. मी खिडकीतून समुद्राकडे बघत बसले.

दुपारी सगळ्यांची सुरक्षेची कवायत झाली, लाइफ जॅकेटवाली. तेव्हा तोच ऑफिसर माइकवर म्हणाला, कृपया आपापल्या गटासोबतच राहावं. सगळ्या बोटीनं ते ऐकलं. बघत मात्र तो एकाच दिशेला होता.

संध्याकाळी बोट सुटली. आमच्या बॅगा अजून नव्या खोलीत पोचल्या नव्हत्या, त्यामुळे मी अजून त्याच मरून कुर्त्यात. आम्ही जेवायला निघालो, तेवढ्यात समोरच्या खोलीचं दार उघडलं. बोरिवलीच्या एक बाई होत्या. डोक्यावरून पाणी निथळतंय, अंगाभोवती पलंगावरचं पांघरूण गुंडाळलेलं.

"ओ बाई," त्या मला म्हणाल्या, "आमच्या बाथरूममध्ये एकसुद्धा टॉवेल नाहीये. बघा ना जरा."

ह्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. ते बोलणार, इतक्यात मी त्यांचा दंड दाबला. मागे वळले, आमच्या बाथरूममधले होते नव्हते ते टॉवेल काढले आणि सॉरी म्हणून त्यांच्या हातात दिले.

जेवायच्या टेबलापर्यंत हे धुसफुसत होते. "सांगायचं ना तिला, मी पॅसेंजर आहे म्हणून. तू कशाला सॉरी म्हणतेस?"

"सांगितलं असतं हो," मी म्हटलं, "पण ती खोली मीच लावली होती."