भिंतीपलीकडचा दोक्कार

माझी थोरली वहिनी दहबिया कुणाचं बरं बघून सुखानं जेवलीय, असा दिवस मला आठवत नाही. धाकट्या वहिनीचं, जेजिगाचं तर तिला सगळंच खुपायचं. तिची भाकरी जास्त फुगते, तिचा नवरा कमी बोलतो. आणि वाटणीत गावातला एकुलता एक दोक्कार जेजिगाकडे गेला, तेव्हा दहबियाच्या पोटात जी आग पेटली ती काही विझेना.

दोक्कार म्हणजे नर अंजीर. त्याचं फळ शेळीसुद्धा नाइलाजानं खाते. पण त्यात बारीक चिलटं असतात, ती बाहेर पडून खायच्या अंजिरांत शिरली तरच ती अंजिरं झाडावर टिकतात. म्हणून जूनमध्ये आमच्या डोंगरात जो तो दोक्कारच्या फळांच्या माळा ओवून आपल्या झाडांना बांधतो. जेजिगाच्या दारी बायकांची रीघ लागायची. कुणी अंडी आणायचं, कुणी ताक, आणि हसणंखिदळणं चालायचं. दहबिया दोघींच्या अंगणांमधल्या भिंतीअलीकडे बसून सगळं ऐकायची, पण माळ मागायला कधी गेली नाही. माझ्या झाडांना कुणाच्या दारचं काही लागत नाही, असं झऱ्यावर सगळ्यांना ऐकवायची. आणि खरंच, तिची अंजिरं टिकायची. ती सुकवूनच तिचं घर हिवाळा काढायचं.

एका हिवाळ्यात ही बाई ऑलिव्ह मुरवलेलं खारं पाणी भिंतीपलीकडे दोक्कारच्या बुडाशी ओतू लागली. वसंतापर्यंत झाड वाळलं.

जूनमध्ये सगळे बाजारातून माळा आणायला धावले. जेजिगानंही आणल्या आणि खाली ओढ्याकाठच्या आपल्या झाडांना बांधल्या. दहबिया ऐटीत घरी बसली. जुलैत तिची अंजिरं पिवळी पडून झाडून सगळी गळाली. जेजिगाची नजर लागली म्हणत ती भिंतीपाशी जाऊन तिच्याशी भांडू लागली. मी तिथंच होते.

जेजिगा म्हणाली, "चिलटांना भिंत कुठं कळते, जाऊबाई? इतकी वर्षं माझ्या झाडावरून तुमच्याकडे यायची ती."

दहबियाचं तोंड एवढंसं झालं. त्या हिवाळ्यात तिच्या घरात नुसती भाकरी आणि तेल होतं.

थंडी ओसरताना जेजिगा कुठूनशी दोक्कारची फांदी घेऊन आली. "हिला तुमच्या बाजूला लावा. माझ्याकडची माती खारट झालीय." एवढंच बोलली आणि गेली. गावात तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

आता तो दोक्कार भिंतीहून उंच झालाय आणि रीघ दहबियाच्या दारी लागते. सगळ्यांत आधी जेजिगाच येते, हसत माळ मागते. दहबिया तिला निवडून भरगच्च माळ देते. तिची पाठ वळली की मात्र माझ्यापाशी कुरकुरते.

"बघितलंत, वन्सं? कशी सरळ येऊन मागते. मला जन्मात जमलं नाही ते."