सटवाईला न वाचता येणारं नाव

इसम नामे वुक वल्द तुकाराम, जात कोळी, धंदा मासेमारी, राहणार कोळीवाडा, श्रीवर्धन, संस्थान जंजिरा. उंची मध्यम, बांधा दणकट, वर्ण सावळा, डाव्या नाकपुडीस लहानपणी टोचल्याची खूण. सदर इसम हिंस्र श्वापदाचे परमुलखी नाव जन्मापासून धारण करीत असून, मृत्यूस व तत्सम अधिकाऱ्यांस धाक बसवणे हाच त्यामागील उद्देश असल्याचे चौकशीअंती निष्पन्न होते. तरी संबंधितांनी त्याच्याशी जपून वागावे.

अशी नोंद कुठल्याही कचेरीत नाही. संस्थानच्या एका कारकुनाने हे नाव एकदा लिहायला घेतले होते. मग टाक खाली ठेवून त्याने विचारले, पोरगा फिरंग्याचा आहे का? तुकारामने सांगितले, न्हाय, माझा हाय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात असे कारकुनाच्या चेहऱ्यावर उमटले, पण माणूस सभ्य होता.

नाव ठेवले होते बायजाने, म्हणजे वुकच्या आईने, आणि पुरता विचार करून ठेवले होते. त्याच्याआधी तिचे तीन मुलगे गेले होते. मूल जगत नसले की पुढच्याचे नाव असे ठेवायचे की नेणाऱ्यालाच हात लावायला किळस यावी, ही आपली जुनी रीत. पहिला गेल्यावर दुसऱ्याला धोंडू म्हटले. धोंडू गोवराने नेला. तिसऱ्याला केरात लोळवून केरू म्हटले. केरू दात येण्याआधी गेला. बायजाने रडून घेतले आणि मग ती विचाराला बसली. तिच्या लक्षात आले की रीत खोटी नव्हती, जुनी झाली होती. पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी सटवाई काही कालची नव्हे. या किनाऱ्यावर धोंडू, दगडू आणि केरू लिहून लिहून तिचा हात बसला होता. कोळीवाड्यात कोणी धोंडा म्हणाले की ती ओळखायची, इथे दगड नाही, पोरगा आहे, आणि आईचा लाडका आहे.

तेव्हा चौथ्याला असे नाव हवे होते की जे सटवाईला वाचताच येऊ नये.

कोळीवाड्याला लागून मोहल्ला. तिथली जहुरा बायजाची मैत्रीण. दोघींचे भांडण, उसनवारी आणि बाळंतपण सगळे एकमेकींच्या दारात व्हायचे. जहुराचा नवरा रशीद आगबोटीवर कोळसा घालायला असे. मोठ्या लढाईत त्याची बोट सलोनिका नावाच्या बंदराला लागली आणि रशीद तापाने फणफणून तिथल्या इस्पितळात पडला. शेजारच्या खाटेवर सर्ब मुलखातला एक शिपाई होता, पाय मोडका, मिशा शाबूत. त्याचे नाव वुक. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. पण दोघांच्याही मुलखांवरून कधीकाळी तुर्की-फारशी वारे वाहून गेलेले असल्यामुळे दुश्मन, जेब आणि शक्कर एवढे शब्द सामाईक निघाले. लढाईबद्दल जे बोलण्यासारखे होते ते तेवढ्यात बोलून झाले. उरलेला वेळ त्या शिपायाने खाणाखुणांनी आपल्या नावाची हकीकत सांगण्यात घालवला.

त्याच्याही आईची पोरे जगत नव्हती. तिकडे पोरे खाणाऱ्या चेटकिणी असतात. अशा वेळी तिकडच्या बाया मुलाचे नाव ओंगळ ठेवत नाहीत, वुक ठेवतात. वुक म्हणजे लांडगा. चेटकीण काहीही खाईल, लांडग्याला तोंड लावणार नाही. आपण मरणाला किळस आणू पाहतो, ते लोक भीती घालतात. ज्याचा त्याचा स्वभाव. आणि नाव एकदा चालले की त्याला फांद्या फुटतातच. आपल्याकडे धोंडूचे धोंडीबा आणि धोंडोपंत झाले, तसे तिकडे कोणी वुकान, कोणी वुकाशिन, मुलगी असली तर वुकोसावा. या शिपायाला त्याची आई मात्र वुचको म्हणे, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते समजायला रशीदला चौथा शब्द लागला नाही.

रशीदने हे जहुराला सांगितले आणि जहुराने बायजाच्या कानात. बायजाचे दिवस भरत आले होते. मूल झाल्यावर पाचव्या रात्रीच्या आधीच तिने ते नाव त्याच्या कानात सांगून ठेवले, आणि बारशाला पाळण्यात वाकून घेतले तेव्हा बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी म्हणाले, अगो, ही शिंक हाय का नाव? बायजाने एकच पथ्य पाळले: त्या नावाचा अर्थ मराठीत उच्चारायचा नाही. जे सटवाईला वाचता येत नाही, ते तिला वाचून कशाला दाखवा? तुकारामलाही अर्थ सांगितला नाही, कारण ताडी पोटात गेली की त्याच्या पोटात दुसरे काही राहत नसे.

वुक जगला. गोवर आला नि गेला, मोहल्ल्यात देवी आल्या त्याही त्याच्या दारावरून गेल्या. तो वाढला तो संथ, गरीब डोळ्यांचा, आवाज न चढवणारा. वाटणीला आलेली चांगली मासळी दुसऱ्याच्या टोपलीत टाकून मांदेली घरी आणायचा आणि आईच्या शिव्या मान डोलावून ऐकायचा. बाजाराला निघालेल्या बाया तान्ही पोरे त्याच्या मांडीवर ठेवून जात. तो जाळे विणता विणता पायाने पाळणा हलवी. अर्थ ठाऊक असलेली जहुरा हे बघे आणि पदर तोंडावर धरून हसे.

सन अडतीसच्या फाल्गुनात त्याचे लग्न ठरले. मुलगी तुळशी, भरडखोलची, हिरामण नाखव्याची. मुहूर्त काढायला बायजा आणि तुकाराम बाळाजीपंतांच्या अंगणात गेले. पंतांची सुपारीची वाडी होती. पुण्यास कॉलेजात ते भाषांचे शास्त्र शिकून आले होते आणि श्रीवर्धनात त्याचे गिऱ्हाईक नसल्यामुळे पंचांग पाहत असत. मात्र या नावाचा त्यांनी आधीच छडा लावला होता. आगबोटीची वाट पाहताना धक्क्यावर त्यांनी रशीदला गाठले होते, आणि रशीदनेही पुढे बंदरोबंदरी चौकशी करून ठेवली होती: रशियन खलाशी त्याच जनावराला वोल्क म्हणतो, पोलंडचा विल्क, आणि त्रिएस्तच्या गोदीत भेटलेला एक चेक हमाल तर व्ल्क म्हणाला, ज्यात स्वर औषधालासुद्धा नाही. पंतांना त्या रात्री झोप आली नव्हती.

पंचांग उघडून पंत म्हणाले, वू हे अक्षर रोहिणीच्या चौथ्या चरणातले, रास वृषभ. म्हणजे लांडगा बैलाच्या राशीला आला, असे म्हणून ते स्वतःशीच हसले. तुकारामने विचारले, लांडगा कोन? पंतांनी चष्मा पुसला.

"अगं बायजे, तू समजतेस तसं हे नाव परकं नाहीच. वुक, वोल्क, विल्क ही सगळी एका पोटची भावंडं, आणि त्यांचा आपल्याकडला सख्खा भाऊ म्हणजे वृक. वेदातला शब्द आहे. भीमाला वृकोदर म्हणतात तो हाच. देवांना हे नाव तुझ्यामाझ्या आधीपासून ठाऊक आहे."

एवढे बोलून पंत कौतुकाची वाट पाहू लागले. बायजा उठली आणि मुहूर्त न घेता चालू लागली. तुकाराम मात्र खूश होता. त्याला आजवर वाटत होते की वुक हे इंजिनाच्या एखाद्या भागाचे नाव आहे.

दुसऱ्या दिवसापासून बायजाने वुकला होडीवर जाऊ दिले नाही. इतकी वर्षे पोराला जिथे लपवले म्हणून ती निर्धास्त होती, ते घर सटवाईच्याच आळीत निघाले होते. ती त्याला उंबऱ्याबाहेर सोडीना, कपाळावर काजळाचे बोट लावी, अंघोळीला गेला तर बाहेर उभी राही. जहुराने समजावले, भांडून पाहिले, अबोला धरून पाहिला. हिरामणने भरडखोलहून निरोप पाठवला: पोराला धाड भरली असंल तर तसं सांगा, माझ्या तुळशीला दुसरा बघतो. बायजाने निरोप आणणाऱ्याला पाणी दिले आणि तसेच परत पाठवले. लग्न मोडले तर मोडो. पोरगा असला तर लग्ने मिळतील.

"आये, मना काय बी झालं न्हाय," वुक म्हणाला. तुळशीला त्याने हरिहरेश्वरच्या जत्रेत एकदाच पाहिले होते आणि तेवढे त्याला पुरले होते. पण आईच्या डोळ्यांकडे पाहून तो पुन्हा जाळे घेऊन कोपऱ्यात बसला. जेवायचा मात्र थांबला, ते बायजाने पाहिले.

ही बातमी पंतांच्या वाडीत पोचली. आपल्या विद्येचा कोणावर परिणाम व्हावा अशी पंतांची फार दिवसांची इच्छा होती. पण हा असला परिणाम त्यांच्या मनात नव्हता. एका सकाळी धोतराचा सोगा वर धरून, सुकत टाकलेल्या बोंबलांमधून वाट काढीत ते कोळीवाड्यात आले. कधी आले नव्हते ते. बायजा जवळा पसरत होती, जहुरा शेजारी बसली होती. पंत उभ्याउभ्याच म्हणाले, नाव बदलून टाकू. चिनी ठेवू. चिनी भाषा आपल्या कुळातली नव्हे, याची त्यांनी खात्री दिली. जहुरा म्हणाली, रशीदला चीनची बंदरं पाठ आहेत, विचारून बघते.

बायजाचे हात चालूच होते. मग थांबले.

"भटजीबुवा, सटवाईला संस्कृत येतं?"

"देवी आहे ती. येणारच."

"कवापासून?"

"आदीपासून."

"म्हंजे माझा पोर पाळन्यात व्हता तवा बी?"

पंतांना खोटे बोलावेसे वाटले, पण विद्या आड आली. "तेव्हाही," ते म्हणाले.

"पाचव्या रातीला तिनं नाव वाचलं. लांडगा हाय हे तिला कळलं."

"असंच म्हणावं लागेल."

"आनि तरी हात लावला न्हाय." बायजा उठून उभी राहिली. हाताला चिकटलेला जवळा तिने झटकला. "मी खुळी, पोराला लपवीत बसले. ती तर त्याला भ्यालीय."

यावर पंतांपाशी आक्षेप नव्हता. असता तरी त्यांनी तो गिळला असता.

बायजाने दारातूनच हाक मारली, आणि पहिल्यांदाच मराठीत मारली. "आरं लांडग्या, ऊठ. होडी निघाली." वुक जाळे टाकून असा धावला की उंबऱ्याला पाय लागला. त्या दिवसापासून बायजा ज्याला त्याला, विचारले नसले तरी, नावाचा अर्थ सांगू लागली. भरडखोलला स्वतः जाऊन हिरामणला सांगून आली, की जावई लांडगा आहे, मुलीला जपून पाठव. हिरामण म्हणाला, आमची तुळशी पाहिली न्हाय तुमी अजून.

लग्न वैशाखात लागले. वरात हिरामणच्या दाराशी पोचायला बराच उशीर झाला. सरळ वाटेवर एक कुत्री व्याली होती, म्हणून नवरदेवाला मागच्या वाडीतून फिरवून आणावे लागले. वुक कुत्र्यांना भितो.